इंग्रजी सणाचा कडू घास

नातीला घेऊन यायचं म्हणून मी कार्तिकात मुळशीला निघाले. पिशवीत दशम्या, लसणाची चटणी आणि पोरीसाठी घेतलेलं हिरवं लुगडं. पायात नव्या वहाणा. सासवडला एस.टी.त बसले तेव्हा मळ्यातले आबा स्वतः सोडायला आले होते. आबा म्हणजे आमच्या गावचे बागाईतदार. त्यांच्या थोरल्या मुलाला माझी नात सुमन द्यायची, असा मी शब्द देऊन बसले होते. गाडी सुटता सुटता ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "आक्का, पोरगी किरिस्ताव व्हायच्या आत घिऊन या."

असं म्हणायला कारण झालं होतं. आमच्याकडे येणारा कासार बांगड्या भरत भरत मुळशीपर्यंत जातो. त्यानं चावडीवर सांगितलं की तिकडच्या शाळेत साहेबांचा नाताळ करतात, पोरी कागदाच्या चांदणीपुढं इंग्रजी गाणी म्हणतात, आणि सगळ्यांत पुढं आक्कांची नात असते. ऐकून मला धक्काच बसला. माझी एकुलती एक लेक यमुना मुळशीत दिलेली. जावई भातकरी, माणूस सरळ. पोरगी चौथी झाली तेव्हाच मी म्हटलं होतं, आता पुरे. मी स्वतः चौथीपर्यंतच शिकले. पोथी वाचता येते, बाजारभाव कळतो, हे लिहिता येतंय. बाईमाणसाला आणखी काय लागतं? पण माझं ऐकलं नाही, आणि पोरगी गेल्या वर्षी आठवीत गेली. आठवीत इंग्रजी सुरू होतं. तिथून हे सगळं.

दिवे घाट उतरून पुण्याला आले, स्वारगेटला गाडी बदलली. पौडाच्या गाडीत शेजारी पिरंगुटाजवळच्या भरे गावची एक बाई बसली होती, मांडीवर कोंबड्यांची पाटी.

"कुटं निगाला?"

"मुळशीला. नातीला आणायला."

"बाळंतपनाला व्हय?"

"शाळंतनं."

ती इतकी हसली की कोंबड्यासुद्धा ओरडायला लागल्या. "शाळंतनं पोरी आनाया माणसं जात्यात व्हय? आमच्या पोरी आपनहून पळून येत्यात!"

लेकीच्या गावाला मी पहिल्यांदाच निघाले होते. पुणं मागं पडलं तसा मुलूख बदलला. आमच्याकडं कार्तिकात जमीन भाजलेल्या भाकरीसारखी दिसते. इथं डोंगरसुद्धा ओले. पिरंगुटाच्या पुढं दोन्ही बाजूंना पिकलेली भाताची खाचरं (बांध घातलेले वाफे), आणि वास असा की जणू कुणी वाटेवरच भात शिजत घातलाय. पौडाला गाडी थांबली. जावई बैलगाडी घेऊन आले होते. पुढचा रस्ता हाडं मोजणारा. आणि मग एका वळणावर एकदम ते तळं दिसलं.

मी गाडी थांबवायला लावली. एवढं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्याकडं हंडाभर पाण्यासाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात, आणि इथं डोंगरापासून डोंगरापर्यंत पाणी नुसतं पडून राहिलेलं. जावई म्हणाले, "धरणाचं हाय. त्या उंचवट्याच्या अल्याड आमचं जुनं घर हाय, मामी."

"हाय काय म्हणता, होतं म्हणा."

"हायेच की," ते म्हणाले. "पान्याखाली हाय."

या पाण्यावर वीज होते आणि ती मुंबईला जाते. ज्यांची घरं बुडाली ते वर डोंगराच्या अंगाला राहतात आणि चिमणीच्या उजेडात जेवतात. मला हे पटलं नाही. जावयांना तसं म्हटलंही. ते बैलांना म्हणाले, "चला."

घरी पोचलो तर अंगणात सुमी म्हशीशी बोलत होती. "कम, कम. गुड गर्ल. सिट डाऊन." म्हैस बसली. पोरगी पळत येऊन पाया पडली तेव्हा मला तिच्या पोलक्यावर लाल लोकरीचा गोंडा टाचलेला दिसला. पोळ्याला बैलाच्या शिंगाला बांधतात, तसला.

"हे काय गं? बैल झालीस का?"

"शाळंचं हाय, आजे. अकरा तारकेचं."

म्हणजे आणखी एक सण. कासार खोटं बोलला नव्हता.

रात्री तांदळाची भाकरी आणि खेकड्यांचं कालवण. तांदळाची भाकरी पांढरीफटक, मऊ, हातात धरली की लोंबते. बाजरीच्या माणसाला ती भाकरी वाटतच नाही. खेकडा मात्र मी सोडला नाही. नांगी फोडताना रस उडून थेट जावयांच्या सदऱ्यावर गेला. यमुना तोंडाला पदर लावून हसली. मग मी आल्याचं कारण सांगितलं, आणि हसणं थांबलं.

जावई म्हणाले, "तुमी थोरल्या. तुमी म्हनाल तसं." यमुना म्हणाली, "आये, घर चांगलं हाय ना?" मी म्हटलं, "विहीर बारा महिने भरलेली." आमच्याकडं याच्यावर बोलणं संपतं. पण सुमी ताटावरून न उठता म्हणाली, "आजे, मला अकरावी करायची हाय. मग नर्स."

नर्सचं हे वेड कुठून आलं तेही कळलं. एप्रिलमध्ये शाळेत आरोग्याचा दिवस केला. तो म्हणे साऱ्या जगात करतात. पौडाहून नर्सबाई आल्या. पोरांनी हात धुतले, नखं काढली, आणि सगळं इंग्रजीत बोलून केलं. गावातल्या बायकांनी नर्सबाईंची ओटी भरली, पुरणपोळी वाढली आणि सुईच्या डबीला हळदकुंकू वाहिलं. सण म्हटल्यावर नैवेद्य नको?

"बारा तारखेला सकाळी निघायचं," मी म्हणाले. "अकराचं तुझं काय असेल ते होऊ दे." पोरगी उठून ताटं घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर पाय धुवायला उतरले आणि एक वहाण निसटून पाण्यात गेली. वाऱ्यानं ती बघता बघता लांब नेली. दुसरी हातात धरून उभी राहिले. एकीचा उपयोग काय? तीही भिरकावली. अनवाणीच शाळेत गेले, मास्तरला जाब विचारायला.

शाळा म्हणजे भाताची जुनी वखार. एका भिंतीला अजून पोत्यांची थप्पी होती. दुसऱ्या भिंतीवर चुना आणि गेरूनं बारा घरं काढली होती, बारा महिन्यांची. एका घरात खराटा, एकात चंद्राची कोर, एकात निळा गोल, एकात पणती, शेवटच्यात चांदणी. प्रत्येक घराखाली इंग्रजी ओळी. म्हणजे कुणाचा सण सोडलेला नव्हता. त्यांचे, आपले, आणि ज्यांना जातही नाही धर्मही नाही असे दिवस, आरोग्याचा, राष्ट्रांच्या मैत्रीचा, सगळे एका रांगेत. दाराशी एकच माठ, एकच ओगराळं, आणि कुणाची कुणाची पोरं त्यातून पाणी पीत होती. मी बघतच राहिले.

मास्तर पन्नाशीचे, फौजेतून आलेले, म्हणून गाव त्यांना हवालदार मास्तर म्हणतं. गळ्यात तुळशीची माळ.

"मास्तर," मी म्हटलं, "पोरींना बाटवताय का?"

"बसा, आक्का. पाणी घ्या."

"पाणी नको. उत्तर द्या."

"मी माळकरी माणूस, कुणाला काय बाटवणार?" ते म्हणाले. "फौजेत मला इंग्रजी पुस्तकातून येईना. मार खाल्ला, पण येईना. मग साहेबांच्या मेसमध्ये त्यांच्या सणांच्या कामाला लावलं. हे आण, ते टांग, ह्याला शुभेच्छा दे. आणि यायला लागली. हाताला काम आणि जिभेला गोड असलं की शब्द विसरत नाही. इथल्या पोरांना सगळे सण ठाऊक. मी फक्त आणखी चार वाढवले."

तेवढ्यात दारातून एक म्हातारी आत आली, डोक्यावर भाताचा भारा, तो तसाच ठेवून. ही धुरपदाबाई. साऱ्या गावच्या बाळंतपणात आणि मयतात हिचा शब्द चालतो. मागच्या खळ्यावर भात झोडणी (पेंढ्या आपटून दाणे काढणे) चालली होती, तिथून तिनं सगळं ऐकलं होतं.

"तू सुमीची आजी व्हय? नाताळाचं इचारतीस? अगं, लई झ्याक झालं. म्हस बांदली, पेंडा टाकला, पाटलाचं तान्हं पोर ठेवलं. पोरं म्हनली, बाळ जलमलं. मी म्हनलं, जलमलं तर बारसं कवा? मास्तर म्हनं, त्यांच्यात न्हाई करत. न्हाई करत कसं? पोर बिननावाचं ठेवत्यात व्हय कुटं? बाराव्या दिवशी घुगऱ्या केल्या, पाळना म्हनला, कुंची घातली."

"येशूचं बारसं केलंत?" मला बसावंच लागलं.

"मग! सोळा सोमवारावानी गर्दी झाली."

मास्तर खाली बघून हसत होते. बाटणार कोण होतं इथं? मला तर वाटलं, साहेबाचा देवच बाटून मावळातला झाला.

"आणि उद्याचा कुठला देव?" मी विचारलं.

मास्तरांचं हसू गेलं. "उद्याला देव नाही, आक्का. साहेबांचं पहिलं मोठं युद्ध ज्या दिवशी थांबलं तो दिवस. युद्धात जे गेले त्यांच्यासाठी दोन मिनिटं गप्प उभं राहायचं. ते लोक लाल फुलं लावतात. आमच्याकडं ती नव्हती, पोरांनी पोळ्याचे गोंडे काढले."

"नैवेद्य काय?" धुरपदाबाईनं विचारलं.

"काही नाही."

"काई न्हाई? मग कसला सन?" ती डोक्यावरचा भारा सावरत गेली. तिला ते अजिबात आवडलं नव्हतं.

त्या रात्री अंथरुणावर सुमीनं विचारलं, "आजे, आजोबा बसऱ्याला गेले ते बोटीनं?"

"झोप," मी म्हटलं.

इथं थोडं मागचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे मालक साहेबांच्या त्या पहिल्या लढाईत पलटणीत होते. बसऱ्याला गेले. यमुना तेव्हा माझ्या पोटात होती. पुढं कधीतरी पाटलांनी घरी येऊन सांगितलं की ते गेले. कधी, कुठल्या दिवशी, कशानं, काही नाही. त्या आठवड्यात धाकट्या दिराचं लग्न होतं. सासू म्हणाली, मांडव पडलाय, वऱ्हाडाला निरोप गेलेत, कार्य होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. मी कपाळाला कुंकू लावून बुंदी पाडली. लग्न लागलं, मांडव उतरला, मग मागच्या दारी सासूनं माझ्या बांगड्या फोडल्या. तोपर्यंत माणसं पांगली होती. कुणाच्या घरात मयत झालं की त्या घरची चूल विझवतात आणि भाऊबंद, शेजारी पिठलं-भाकरी आणून घरच्यांच्या तोंडात घालतात, त्याला कडू घास म्हणतात. ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडं तो घास आला नाही. चूल तर लग्नाची धडाडत होती. नंतर कोण आणणार? तिथी नव्हती म्हणून श्राद्धही सर्वपित्रीला, सगळ्यांच्या भाऊगर्दीत. झालं एवढंच. मी याबद्दल कुणाकडं रडले नाही. रडून दळण होत नाही.

अकरा तारखेला वखारीपुढं पोरं रांगेत उभी राहिली, छातीवर गोंडे. मास्तर फौजेचा डगला घालून, त्यावर पदक. मागं खळ्यावर बायकांची झोडणी जोरात चाललेली. मास्तरांनी घड्याळ पाहिलं, इंग्रजीत काहीतरी ओरडले आणि सगळी पोरं मान खाली घालून गप्प झाली.

एवढी पोरं एकदम गप्प झाली की कसं वाटतं ते ज्यानं पाहिलं त्यालाच कळेल. आमच्याकडं माणसं अशी फक्त तिरडीपाशी उभी राहतात. खळ्यावरचा आवाज एकेक करत थांबला. बायका पेंढ्या हातात घेऊन कुंपणाशी आल्या. मी पाहिलं, धुरपदाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला.

मग सुमी पुढं आली. शाळेचा नेम असा की आधी इंग्रजीत बोलायचं आणि मग तेच आपल्या भाषेत, म्हातारीकोतारी ऐकतात म्हणून. तिची वाक्यं मी नंतर तिच्याकडून म्हणवून घेतली, ती अशी: "माय ग्रँडफादर धोंडिबा वॉज अ सोल्जर. ही वेंट टू बसरा. ही डिड नॉट कम होम. वुई डू नॉट नो हिज डे. टुडे इज हिज डे."

इंग्रजी मला कळलं नाही. पण नाव कळलं. आमच्यात नवऱ्याचं नाव बायको घेत नाही. उखाण्यात एकदा घेतलं होतं, लग्नात. सासू 'थोरला' म्हणायची, दीर 'दादा' म्हणायचे, आणि मग ते सगळेच गेले. त्या नावाला चाळीस वर्षांत माझ्यासमोर कुणी तोंड लावलं नव्हतं. आणि ही पोर ते परमुलखात, परक्या भाषेत, गावासमोर खणखणीत म्हणाली. कुणी थोबाडीत मारावी तसं झालं मला.

मग तिनं आपल्या भाषेत सांगितलं. "माझे आजोबा धोंडिबा शिपाई हुते. ते बसऱ्याला गेले. घरी आले न्हाईत. त्यांचा दिस आमाला ठाऊक न्हाई. आजचा दिस त्यांचा."

पोरं पुन्हा रांगेत गेली. मी मागं पाहिलं तर कुंपणाशी एकही बाई नव्हती. कंटाळून गेल्या असतील असं वाटलं. पोरांनी एक गाणं म्हटलं, आणखी दोघं तिघं बोलले, मास्तरांनी राष्ट्रांच्या मैत्रीचं काही सांगितलं. माझं ध्यान नव्हतं.

घरी आले तर दारात यमुना रडवेली उभी. "आये, बायकांनी येऊन चुलीवर पानी वतलं. च्या उकळत हुता, त्याच्यावर."

आत राखेचा चिखल झाला होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात धुरपदाबाई आली, मागं दहा बारा बायका, प्रत्येकीच्या हातात टोपली, टोपलीवर फडकं. हसणं नाही, बोलणं नाही. मला हाताला धरून ओट्यावर बसवलं. फडकं काढलं. पिठलं आणि तांदळाची भाकरी.

"अगं, हे काय करताय?" मी म्हटलं. "चाळीस वर्षं झाली त्याला!"

"घास खाल्लावता?"

"नाही."

"मग गेला न्हाई तो अजून," धुरपदाबाई म्हणाली. "आज जातोय. आ कर."

मी आ केला. काय करणार? एकेका बाईनं एकेक घास घातला. काहींची नावंही मला ठाऊक नव्हती. मी रडले नाही. पिठलं कोरडं होतं, एवढंच.

सगळ्यांत शेवटी एक बाई अंगणाच्या कडेला उभी होती, वर येत नव्हती. गावकुसाबाहेरची, सखू नाव. तिचा बाप त्याच लढाईत गेलेला, परत न आलेला. तिच्याही हातात भाकरी होती. बाकीच्या बायका एकदम गप्प झाल्या. हे गप्प होणं पोरांच्या गप्प होण्यासारखं नव्हतं. सुमी माझ्याकडं बघत होती. माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. जे तुमच्या मनात आलं असतं तेच. सखू म्हणाली, "येकाच बोटीत असतील, आक्का. माजा बा नि तुमचं मालक."

मी तिला वर बोलावलं. तिच्या हातचा घास खाल्ला आणि मग तिच्या तोंडात एक घातला, कारण तिलाही कुणी घातलेला नसणार. पोटात गेल्यावर काहीतरी होईल असं मला वाटत होतं. काही झालं नाही. धुरपदाबाईनं टोपली झाकली आणि म्हणाली, "झालं."

पण झालं नव्हतं. जाता जाता तिची नजर खुंटीवरच्या हिरव्या लुगड्यावर गेली.

"हे कुनाचं?"

"सुमीला घेतलंय. लग्न ठरवलंय तिचं. उद्या न्यायची."

"कोन नेनार?"

"मी."

"सुतकातली बाई लगनाचं बोलनं घिऊन जानार?" ती जागीच थांबली. "येडी का खुळी? वरीसभर सुभकार्याचं नाव काढायचं न्हाई."

मला हे अनपेक्षित होतं. मी भांडले. "पोरगी दुसऱ्या घराण्याची. आईच्या बापाचं तिला कसलं सुतक?"

"तिला न्हाई. तुला हाय. लगीन कुनी जमवलं?"

"मी."

"मग? इटाळलेल्या तोंडाचा शबुद चालतो व्हय?"

बायका माना डोलवत होत्या. जावई भिंतीकडं बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. यमुनेनं लुगडं खुंटीवरून काढलं, घडी घातली आणि पेटीच्या तळाशी ठेवलं. मला विचारलंसुद्धा नाही.

संध्याकाळी मी सुमीला मागच्या दारी गाठलं. "खरं सांग. हे तू ठरवून केलंस?"

"आयची शप्पत न्हाई, आजे. मला नुसतं इंग्रजी ठाऊक हुतं. घासाचं म्हाईत न्हवतं."

"आणि आजोबांचं का बोललीस?"

तिनं जरा विचार केला. "मास्तर म्हनले, कुनाच्या घरातलं गेलं असंल तर बोला. मी आयला इचारलं. आयनं नाव सांगितलं, नि बसऱ्याला गेले तेवढं. दुसरं काई तिला ठाऊक न्हवतं. मग तेवढंच बोललं."

ते खरं होतं. यमुनेला दुसरं काही ठाऊक नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. रात्री चूल पेटवायची नव्हती, म्हणून उरलेल्या भाकऱ्या खाऊन अंधारात बसलो तेव्हा मी सांगितलं. मालक विटी-दांडू खेळायचे लग्न झाल्यावरसुद्धा. डावखुरे होते. भाकरी कडक लागायची. एवढं सांगून झाल्यावर माझ्याजवळचंही संपलं.

बारा तारखेला मी एकटी निघाले. मास्तर वाटेवर भेटले. "आक्का, पुढल्या वर्षी अकराला येणार?"

"का? परत करणार आहात?"

"हा दिवस दरवर्षी असतो."

मी गाडीत बसले. पौडापर्यंत तेच डोक्यात फिरत होतं. हा दिवस दरवर्षी. म्हणजे धुरपदाबाई दरवर्षी. म्हणजे चुलीवर पाणी आणि तोंडात घास दरवर्षी. पोरगी आज नववीत. मी बोटांवर अकरावीपर्यंत मोजलं आणि भर एस.टी.त मोठ्यानं हसले. कंडक्टर म्हणाला, "आजी, बरं हाय ना?" मी म्हटलं, "सुतक आहे." तो घाबरून पुढं गेला.

मुळशीला गेले तेव्हा मला वाटत होतं, तिथं पोरींच्या गळ्यात परक्यांचे सण बांधतात. बघितलं ते उलटं. परक्यांचा कसलाही सण आणा, त्या बायका त्याला घुगऱ्या घालतात, ओटी भरतात, नाहीतर त्याची चूल विझवतात. इंग्रजी किती येतं पोरांना, मला सांगता येणार नाही. म्हैस बसली, एवढं मी पाहिलं.

सासवडला उतरले तर बाजाराला आलेले आबा स्टँडवरच हजर. आधी माझ्या मागं बघितलं, मग माझ्या अनवाणी पायांकडं.

"पोरगी कुटं?"

"आबा, लग्नाचं बोलता येत नाही. घरात मयत झालंय."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "अरारा. कोन गेलं?"

आणि मी नाव घेतलं. धोंडिबा. उखाण्याशिवाय, साधं. आबा विचारात पडले. ज्याचं नाव घेतलं त्याचं घर आबांच्या मळ्यापासून हाकेच्या अंतरावर.

"कोन धोंडिबा?"

मुळशीच्या बायकांनी ज्याच्यासाठी चूल विझवली, त्याला त्याच्याच गावात हा प्रश्न. मला राग आला नाही. धक्का बसायची माझी ताकद तोवर संपली होती.

"माझा नवरा," मी म्हटलं. "काल गेला."

आबा माझ्याकडं बघत राहिले. म्हातारीला लागिर झालं असं वाटलं असेल. हे ते वाचतीलच, वाचू देत. "मग पुढल्या कार्तिकात?" त्यांनी विचारलं.

"पुढल्या कार्तिकात पण अकरा तारीख येते," मी म्हटलं आणि घराकडं चालायला लागले.

घरी येऊन चूल पेटवली नाही. तशीच बसून राहिले. दिवेलागणीला दार वाजलं. आबांची बायको होती, हातात टोपली, टोपलीवर फडकं. आत आली, काही विचारलं नाही. "घाईत केलंय," म्हणाली, "पिठलं आळणी झालंय बगा."

मी खाल्लं. खरंच आळणी होतं.